आईची नजर, सिस्टरची नजर



आपल्या पत्रिकेच्या ह्या पानावर आपण सहसा भाताचे वाण, खते आणि जनावरांचे आजार यांविषयी वाचता. ह्या वेळी मी घरातील सर्वांत लहान माणसाविषयी, म्हणजे आजारी मुलाविषयी लिहिणार आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु आजाऱ्यांना पवित्र संस्कार देण्यासाठी अनेक वर्षे दवाखान्यांत जाणे-येणे आहे, आणि मुलांच्या वॉर्डात जे पाहिले त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ती आपल्यापुढे ठेवतो.

आषाढातील प्रसंग आहे. लावणी ऐन भरात होती. संध्याकाळी आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आई आठ महिन्यांचे बाळ प्लास्टिकच्या खोळीखाली झाकून माझ्या दारात आली. मला वाटले, आशीर्वादासाठी आली असेल. पण ती म्हणाली, “फादर, सकाळधरनं ह्येनं अंगावर घेतलं न्हाई. रडायचंबी सोडलंय. माझं बाळ असं नसतंय वो.” तिच्या सासूबाईंचे म्हणणे होते की साधे पडसे आहे, ओव्याचा शेक दिला की उतरेल; उद्या लावणीला माणसे सांगितली आहेत, आता कुठे जाता? मी गाडी काढली.

दवाखान्याच्या खिडकीवर जो तरुण होता त्याने थर्मामीटर लावला. ताप नव्हता. “ताप नाही, बाळ शांत आहे, सकाळी ओपीडीत दाखवा,” असे तो म्हणाला. आम्ही परत फिरणार इतक्यात एक वयस्क नर्सबाई तिथून चालल्या होत्या. त्या धर्मभगिनी नव्हत्या, परंतु आपण सर्वच नर्सबाईंना सिस्टर म्हणतो. आईचा चेहरा पाहून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, रोज तुझं बाळ कसं असतं, ते सांग बघू आधी.”

आईने सांगितले. सिस्टरांनी बाळ तिच्या मांडीवरून उचलले नाही. तिथेच अंगावरचे कपडे बाजूला केले आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजले. ते ६८ भरले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. मग मात्र त्या खिडकीपाशी थांबल्या नाहीत. आईसह बाळाला आत नेले, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावले. न्यूमोनिया होता. सहाव्या दिवशी बाळ घरी आले आणि आता ते अंगणात कोंबड्यांच्या मागे धावते.

पुढे मी त्या सिस्टरांचे आभार मानायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, आधी ओळखलं ते आईनं. मी तिचं ऐकलं आणि मोजून पाहिलं.”

ह्या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. आजारी मुलाला दोन नजरा लागतात. एक आईची, जी ह्या एका मुलाला रात्रंदिवस ओळखते. दुसरी शिकलेल्या सिस्टरची, जिने शेकडो आजारी मुले पाहिलेली असतात. ह्यांपैकी एकीने दुसरीला गप्प बसवले, तर मुलाला धोका होतो.

शेतकऱ्याला ही नजर परकी नाही

भाताचे रोप पिवळे पडले म्हणजे आपण लगेच युरिया फेकत नाही. पिवळेपणा एक आहे, कारणे अनेक. नत्र कमी पडले असेल, पाणी फार दिवस तुंबले असेल, किंवा खोडकिडा लागला असेल. जाणता शेतकरी बांधावरून उतरतो, वाळलेला मधला पोंगा धरून ओढतो. तो सहज हातात आला, तर आतून अळीने कुरतडला आहे हे त्याला कळते. आधी त्याने काही तरी वेगळे पाहिले, मग त्याचा अर्थ लावला, मग उपाय केला आणि आठ दिवसांनी पुन्हा येऊन उपाय लागू पडला की नाही ते पाहिले.

चांगली सिस्टर नेमके हेच करते. परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या अमेरिकेतील क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली ह्या कामाच्या चार पायऱ्या मांडल्या: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि मागे वळून विचार करणे. थर्मामीटरचा आकडा ही त्यातली एक खूण झाली. आकड्यापुढे थांबला तो त्या खिडकीवरचा तरुण. आकड्याच्या पलीकडे पाहिले त्या सिस्टरांनी.

आणि पहिली पायरी, म्हणजे लक्षात येणे, ही बहुधा घरातच घडते. दावणीला बांधलेल्या बैलाने एक वेळ वैरण टाकली, तर घरच्या माणसाला ते लगेच समजते. नव्या माणसाला तो बैल ठीकच दिसतो, कारण कालचा बैल त्याने पाहिलेला नसतो. मुलाचेही तसेच आहे. सिस्टरला आजचे मूल दिसते, आईला कालचेही माहीत असते.

लहान मुलाचे शरीर फसवते

मोठा माणूस आजारी पडला तर तो सांगतो, कुठे दुखते, कसे दुखते. तान्ह्या बाळाला वाचा नसते. त्यात लहान मुलाचे शरीर फार चिवट असते. आजार वाढत असताना ते श्वास जलद करून आणि हृदयाचे ठोके वाढवून रक्तदाब पुष्कळ वेळ सांभाळून धरते. म्हणून रक्तदाब उतरलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बांधाला आतून पाणी झिरपत असते, वरून बांध उभा दिसतो आणि मग एकाएकी फुटतो, तसे हे आहे.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. अगदी लहान बाळाला रक्तातील जंतुसंसर्गासारखा मोठा आजार असूनही ताप येईलच असे नाही. कित्येकदा उलट अंग गार पडते. “ताप नाही, म्हणजे काळजी नाही” हे म्हणणे तान्ह्या बाळाच्या बाबतीत खरे नाही. आणि आजारी मूल एकदम शांत झाले म्हणजे ते बरे झाले, असेही समजू नये. रडण्याची ताकद संपल्यामुळेही मूल शांत होते.

आईला बाहेर ठेवण्याचे दिवस

एके काळी विलायतेतील मोठ्या रुग्णालयांत आईला मुलाजवळ राहू देत नसत. भेटीचे दिवस आणि तास ठरलेले असत. आई गेल्यावर मूल रडते, म्हणून आईने येऊच नये, असा समज होता. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरात डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२० नंतरच्या दशकात बाळाबरोबर आईलाही दाखल करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते जगावेगळे होते. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला. वरवर शांत दिसणारे ते मूल आतून किती खचले आहे, हे लोकांना पडद्यावर दिसले. पुढे १९५९ साली तेथील प्लॅट समितीने शिफारस केली की आईवडिलांना मुलाजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे आणि लहान मुलांच्या बाबतीत आईलाही राहू द्यावे.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. आपल्या दवाखान्यांत आई वॉर्डात असते, परंतु हमालासारखी असते. औषध आण, कागद ने, बाटली धर, फरशीवर झोप, एवढेच काम तिच्या वाट्याला येते. बाळाला काय झाले आहे हे तिला कोणी सांगत नाही, आणि तिला काय दिसले हेही कोणी विचारत नाही. आई जवळ असणे आणि आईला उपचारात सहभागी करून घेणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बनगावची पिंपे

घरच्या माणसांवर विश्वास टाकला तर काय होते, ह्याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथे कॉलऱ्याची साथ पसरली. बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबिस तेथे गेले, तेव्हा रुग्ण जमिनीवर घाणीत पडलेले होते. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते आणि ते देणारी शिकलेली माणसेही पुरेशी नव्हती.

तेव्हा त्यांनी ग्लुकोज साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा ठराविक प्रमाणात मिसळून पाणी तयार करविले व ते मोठ्या पिंपांत भरून ठेवले. ते पाणी रुग्णांना पाजले कोणी? आयांनी, बापांनी, भावंडांनी. पेला घ्यायचा, भरायचा आणि थोडे थोडे पाजत राहायचे. तोपर्यंत शंभरांतले सुमारे तीस रुग्ण दगावत होते. ह्या पाण्यावर ठेवलेल्या रुग्णांत ते प्रमाण चारच्याही खाली आले. पुढे हेच ‘ओआरएस’ म्हणून जगभर गेले. डॉ. महालनोबिस २०२२ साली वारले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती, नर्स कमी होत्या. तरीही जे साधले, ते आईच्या हातातल्या पेल्याला त्यांनी उपचार मानले म्हणून.

छातीशी धरलेले बाळ

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचेही असेच झाले. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे धरून बांधायला सांगितले. कांगारू पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवते, म्हणून ह्याला कांगारू पद्धत म्हणतात. तेव्हा हा गरिबाचा उपाय समजला गेला.

२०२१ साली भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक किलोपासून १८०० ग्रॅमच्या आतील बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. त्यासाठी आईचा पलंग बाळांच्या अतिदक्षता विभागातच आणावा लागला. आई थकली, तर वडिलांनी, आजीने किंवा मावशीनेही बाळाला असे धरता येते. आपल्या घरी कमी वजनाचे मूल जन्मले, तर सिस्टरला ह्याविषयी जरूर विचारा.

आपण काय करावे?

पाच वर्षांच्या आतील मुलाला खोकला झाला, तर श्वास मोजायला शिका. मूल शांत असावे, रडत किंवा पीत नसावे. अंगावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर तो श्वास जलद आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास जलद असेल किंवा छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मूल पिऊ शकत नाही, अंगावर घेत नाही, घेतलेले सारे ओकून टाकते, झटके येतात, सुस्त पडते किंवा शुद्धीवर नसते: ह्यांपैकी एक जरी गोष्ट झाली तरी सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी किंवा शेजाऱ्याची गाडी काढावी.

जुलाब झाले, तर पाणी व दूध तोडू नये. आपल्या घरांत अजूनही “पोटाला विश्रांती द्या” असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु ह्यानेच मूल सुकते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण मिसळावे. अर्धे आज, अर्धे उद्या, असे करू नये. चमच्याचमच्याने पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. तयार केलेले पाणी २४ तासांनी टाकून नवे करावे. झिंकच्या गोळ्या आशाताई सांगेल त्या मात्रेत १४ दिवस पूर्ण द्याव्यात. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी बंद करू नयेत.

आशाताईला दारातून परत पाठवू नका. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात त्या गावांतील नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचे दिसले. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी यावयाचे असते. ती वजन घेते, श्वास मोजते, आईचे ऐकते. तिला पाट द्या आणि मनातले विचारा.

दवाखान्यात गेल्यावर सिस्टरला नेमके सांगा: केव्हापासून, किती वेळा प्याले, शेवटची लघवी केव्हा झाली, रोजच्यापेक्षा काय वेगळे आहे. घरी काय दिले तेही लपवू नका. गुटी दिली असेल, काढा दिला असेल, कोणी डाग दिला असेल, तरी सांगा. सिस्टर रागावेल, परंतु तिला खरे कळले नाही, तर तिचा अंदाज चुकेल. आणि घरी परतताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका: हे औषध कशासाठी, बाळात मी काय पाहावे आणि काय दिसले की परत यावे? ऐकले नाही असे वाटले, तर नम्रपणे दुसऱ्यांदा सांगा. “माझं बाळ रोज असं नसतं” हे वाक्य म्हणायला कोणत्याही आईने लाजू नये.

सिस्टरचीही बाजू आहे. एका पाळीत तिच्यावर कितीतरी मुले असतात. आपण दहा जण खाटेभोवती उभे राहिलो, विचारल्याशिवाय बिस्किटे चारली, हात न धुता बाळाला घेतले, तर तिच्या कामात अडथळा येतो. एक किंवा दोन माणसांनी राहावे. त्यांत बापानेही राहावे. मुलाची कूस बदलणे, औषध पाजणे, रात्री श्वासावर लक्ष ठेवणे, हे पुरुषाला शोभत नाही असे कोणी म्हणू नये. संत योसेफानेही बाळ येशूला जवळ घेऊनच मिसर देशाची वाट धरली.

आणि शेताचे काय?

ह्या लेखाच्या सुरुवातीची सासू वाईट नव्हती. तिला लावणीची चिंता होती. रोप वाफ्यात म्हातारे होते, पाऊस थांबत नाही, गडी एकदा चुकले की पुन्हा मिळत नाहीत. आपल्या घरांत मुलाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो तो कित्येकदा अज्ञानामुळे नव्हे, तर लावणी, सुगी आणि दुभत्या म्हशीमुळे होतो. हे मी जाणतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपण पैरा करून एकमेकांची लावणी करतो. तोच पैरा आजारी मुलासाठी करू या. आपल्या वाडीतील एखादे मूल दवाखान्यात असेल, तर त्या घरची म्हैस शेजाऱ्याने पिळावी, त्यांच्या वाफ्यातले रोप वाडीने लावावे, मोठ्या मुलांना कोणी तरी जेवू घालावे. मिस्सेनंतर मला नुसते येऊन सांगितले, तरी मी नावे जुळवून देईन. त्या आईच्या वेळी तिसऱ्या दिवशी आठ जणी तिच्या शेतात उतरल्या होत्या आणि सासूबाई डबा घेऊन दवाखान्यात बसल्या होत्या. त्यांनी सिस्टरकडून श्वास मोजायला शिकून घेतले. आज वाडीत कोणाचे मूल खोकले, तर लोक आधी त्यांनाच बोलावतात.

शुभवर्तमानात याईराच्या मुलीची गोष्ट आपण ऐकतो. प्रभू येशू त्याच्या घरी पोहोचला, तेव्हा रडणाऱ्यांची गर्दी जमली होती. त्याने सर्वांना बाहेर काढले. परंतु मुलीच्या आईवडिलांना त्याने बाहेर ठेवले नाही. त्यांना आणि तीन शिष्यांना घेऊन तो आत गेला, मुलीचा हात धरला आणि तिला उठविले. आणि त्यानंतर घरच्यांना त्याने काय सांगितले? मुलीला खायला द्यायला. उठविण्याचे काम त्याने केले, भरविण्याचे काम आईबापांच्या हाती दिले.

प्रभू आपल्या लेकरांना सुखरूप ठेवो, आणि त्यांच्यासाठी रात्रभर जागणाऱ्या आयांना व सिस्टरांना बळ देवो.

— आपला फादर